मी न विकलेले व्हॉल्व्ह

इथे आखातात, अल मनखूलच्या हॉलमध्ये, गणपतीच्या कार्यक्रमाला आमच्या मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यांनी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली. "हे आपले मगदूमशेठ. अणुबॉम्बवाले." पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला होता. तो त्यांनी हळूच सोडला आणि आपला हात रुमालाला पुसला. माझ्या दुसऱ्या हातात मोदकाचं ताट होतं, म्हणून पाहुणे वाचले.

याच पदाधिकाऱ्यांनी पुढच्या आठवड्यात दिवाळी अंकासाठी लेख मागितला. "शेठ, धंद्यातले खुमासदार अनुभव लिहा. हलकंफुलकं असू द्या." तर हा घ्या हलकाफुलका लेख. ज्यांना रुमाल लागतो त्यांनी तो जवळ ठेवून वाचावा.

मी आयुष्यात एकही अणुबॉम्ब विकलेला नाही. अर्धासुद्धा नाही. मी व्हॉल्व्ह विकतो. व्हॉल्व्ह म्हणजे काय हे ज्यांना कळत नाही त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहावा आणि पुन्हा बंद करावा. झालं, कळलं. नळ घरातला असतो, मी विकतो ते कारखान्यातले असतात, एवढाच फरक. पाणी, वाफ, तेल, दूध, गॅस, जे काही पाइपातून जातं त्याला वाटेत कुठेतरी व्हॉल्व्ह लागतो आणि तो कधी ना कधी खराब होतो. त्या खराब होण्यावर रास अल खोरमधलं माझं दुकान उभं राहिलं. जहाजं, हॉटेलं, बर्फाचे कारखाने, समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प, सगळे माझ्या काउंटरला कोपर टेकून गेलेले आहेत. मी इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात स्टोअरकीपर होतो. ते दुकान सोडलं तेव्हा मालकाशी भांडून सोडलं. माझ्या प्रगतीचा बराचसा इतिहास भांडणाचाच आहे, तो इथे देत नाही.

घासाघिशीबद्दल मात्र थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. माझे वडील कोल्हापूरच्या मार्केट यार्डात हमाल होते, गुळाच्या ढेपा वाहायचे. शाळा सुटली की मी सौद्याला जाऊन उभा राहायचो. व्यापारी ढेपेत बोट खुपसायचे, चव घ्यायचे, तोंड वाकडं करायचे, निघून गेल्याचं नाटक करायचे, परत यायचे. सगळा तमाशा झाला की अडत्या मोठ्याने शेवटचा आकडा सांगायचा. त्याला आमच्याकडे भाव फोडणं म्हणतात. भाव फुटला की भांडण संपलं, चहा प्यायला मोकळे.

घासाघीस म्हणजे चार पैसे वाचवायची धडपड, असा शिकलेल्या लोकांचा समज आहे. खरं म्हणजे ती चौकशी असते. माणूस भाव कसा पाडतो त्यावरून तो कोण आहे, त्याला घाई किती आहे आणि त्याच्या खिशातला पैसा कोणाचा आहे हे मला कळतं. जहाजाचा इंजिनिअर रागावून पाडतो, कारण जहाज सुटायचं असतं. हॉटेलवाला गोड बोलून पाडतो आणि शेवटी उधारी मागतो. कंत्राटदार आधी मालाला नावं ठेवतो, मग मला, मग माझ्या देशाला. नावं ठेवणारा हमखास घेऊन जातो. कौतुक करणारा एसीची हवा खायला आलेला असतो.

आता त्या देशाकडे येऊ. आमच्या समोरच्या समुद्रापलीकडे तो आहे. नाव लिहीत नाही. संपादकांना त्यांचा व्हिसा प्रिय आहे आणि मला माझा. शिवाय तो देशच इतका संकोची आहे की आपल्या कारखान्यांची खरी नावं तो स्वतःही सांगत नाही. ते कारखाने डोंगराच्या पोटात आहेत आणि अत्यंत गुप्त आहेत. त्यांच्याबद्दल फक्त सगळ्या जगाची हेरखाती, सगळे उपग्रह आणि बातम्यांमध्ये डोंगरावर लाल बाण काढून दाखवणारे निवेदक यांनाच माहिती आहे. तिथे काय चालतं असं विचारलं की तो देश म्हणतो, वीज. विजेसाठी डोंगर कशाला पोखरावा लागतो असं विचारलं की तो देश रागावतो. त्याचा स्वभाव थोडा माझ्यासारखा आहे.

अशा देशाला काही वस्तू उघडपणे कोणी विकत नाही. साध्याच वस्तू असतात, पंप, गेज, व्हॉल्व्ह. साबणाच्या कारखान्यातही लागतात आणि डोंगराच्या पोटातही लागतात. मग तिथली माणसं विमानाने इकडे येतात आणि म्हणतात, आमची डेअरी आहे. कधी औषधांचा कारखाना असतो, पण डेअरी त्यांना जास्त आवडते. माझ्याकडे आलेल्या चौकशा खऱ्या मानल्या तर त्या देशातला माणूस सकाळी बादलीभर दूध पितो, दुपारी ताकात डुंबतो आणि रात्री खोकल्याचं औषध घेऊन झोपतो.

त्यातले पुष्कळजण खरोखरच डेअरीवाले असायचे, हे इमानाने सांगतो. तिकडचीही माणसं दही खातात. खरा डेअरीवाला ओळखायला अवघड नाही. तो रडतो. गाई आटल्या, चारा महागला, मुलीचं लग्न काढलंय, असं म्हणत म्हणत माझा भाव खाली आणतो. अशांना मी माल दिला आहे आणि त्यांच्याशी भांडून माझे दिवस आनंदात गेले आहेत.

मग करीम आला. त्याचं नाव करीम नव्हतं, पण त्याने सांगितलेलं नावही त्याचं असेल असं मला वाटत नाही, तेव्हा दोघांचंही काही बिघडत नाही. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत, आवाज अगदी हळू. थॉमसनी त्याला आधी ईमेलवर भाव पाठवला होता. थॉमस म्हणजे माझे मॅनेजर, केरळचे, दुकान उघडल्यापासून माझ्याबरोबर आहेत. मी ओरडायचं आणि त्यांनी माफी मागायची, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे.

करीमने खुर्चीत बसून दुकानभर नजर फिरवली आणि मला बरं वाटलं. गिऱ्हाईक तोलूनमापून आलेलं दिसत होतं, म्हणजे तासभर चांगला रंगणार. माझी पत्नी वंदना तेव्हा इथल्या शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी आम्हाला एका बारशाला जायचं होतं. मी तिला फोनवर आवाजी निरोप पाठवला, "पार्टी आलीये. तासाभरात फोडतो आणि निघतो." तिचा उलट निरोप आला, "मग येताना गॅसचं बघा, इकडचा संपलाय." आमची बिल्डिंग जुनी, सिलिंडरवाला फोन उचलत नाही, त्याच्या दुकानात जाऊन उभं राहावं लागतं. हे दोन निरोप वाचकांनी लक्षात ठेवावेत. बँकेने ठेवले आहेत.

"नग बाराशे दिरहम," मी करीमला म्हटलं. म्हणजे आपले अठ्ठावीस हजार रुपये. हा काही खरा भाव नव्हता. पहिला भाव हा भाव नसतो, नमस्कार असतो. त्यावर समोरच्याने छातीवर हात ठेवून कळवळायचं, मी चहा मागवायचा आणि कामाला सुरुवात करायची.

"ओके," करीम म्हणाला.

"ओके म्हणजे?"

"ओके. बिल बनवा."

मी नमस्कार केला आणि समोरच्याने खिसे उलटे करून माझ्यापुढे टाकले, असं काहीतरी मला वाटलं. माझा अपमानच झाला. आणि राग येण्याआधी शंका आली. माझ्या बाबतीत हा क्रम सहसा उलटा असतो.

"तुम्ही पहिल्यांदाच आलात. तुमच्यासाठी हजार," मी म्हणालो.

करीम अस्वस्थ झाला. "नाही, नाही. बाराशे."

"अहो, हजार. मी देतोय ना."

"मिस्टर मगदूम, बाराशे. प्लीज."

"साडेनऊशे!"

थॉमस आतल्या गोदामातून बाहेर येऊन दारात उभे राहिले. मी भाव खाली ओढतोय आणि गिऱ्हाईक हातापाया पडून तो वर नेतंय, असं दृश्य त्या रस्त्यावर त्याआधी घडलेलं नसावं.

करीमने शेवटी खुलासा केला. "ईमेलवर बाराशे होते. बाराशेच मंजूर झालेत. आकडा बदलला तर कागद पुन्हा वर जाईल."

"वर म्हणजे कुठे?"

त्याने बोट छताकडे केलं. मीही वर पाहिलं. तिथे माझी ट्यूबलाइट होती.

"डेअरीत वर कोण असतं, हबीबी?" मी विचारलं.

त्याने समोर आलेला चहा उचलला. मग मी शेल्फवरून त्याला हवा होता तो व्हॉल्व्ह काढून काउंटरवर ठेवला. साध्या व्हॉल्व्हला दांडीपाशी थोडी गळती असते. दोरी भरतात, नट आवळतात, तरी थेंब येतोच. त्याला हवा असलेला व्हॉल्व्ह वेगळा होता. त्याच्या आत हार्मोनियमच्या भात्यासारखी धातूची घडी असते, सगळं वेल्डिंग करून बंद, श्वासाइतकंही बाहेर येत नाही. विषारी वायू असेल तिथे हा वापरतात. एकदा बसवला की उघडायचा नाही.

"डेअरीचा व्हॉल्व्ह रोज उघडून धुवावा लागतो," मी म्हटलं. "नाहीतर संध्याकाळपर्यंत आत पनीर होतं. हा उघडतच नाही. माझ्याकडे डेअरीचे वेगळे आहेत, निम्म्या किमतीत. थॉमस, दाखवा साहेबांना."

"नको. हेच हवेत."

"दूध कशाचं आहे?"

करीम थबकला. एवढी तयारी करून आलेला माणूस, पण गाय की म्हैस हे त्याला कोणी सांगून ठेवलं नव्हतं. "उंटिणीचं," तो म्हणाला.

"नासत नाही ते?"

"आमच्या उंटिणी वेगळ्या आहेत."

थॉमस पुन्हा गोदामात गेले. ते हसायला गेले होते.

मी खुर्ची पुढे ओढली. "करीमसाहेब, सरळ विचारतो. हे दूध पाजणार कोणाला?"

त्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. "मी इंजिनिअर आहे. मला यादी देतात, मी खरेदी करतो. रिकाम्या हाताने परत गेलो तर पुढच्या वेळी दुसऱ्याला पाठवतील. मला मग कुठे पाठवतील, ते सांगत नाहीत."

त्या दुपारी तो बोलला त्यात हे एवढंच खरं होतं, असं मला अजून वाटतं. तिथे थोडं मऊ बोलायला हवं होतं. पण माझा आवाज तोवर चढला होता. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "खलास. माल नाही."

"पण हा समोर आहे," करीम म्हणाला.

"समोर आहे. विकायचा नाही. यल्ला, निघा."

तो उठला, खुर्ची नीट आत सारली, चहाबद्दल आभार मानले आणि गेला. इतक्या सभ्यपणे मी कोणाला हाकललेलं नाही. म्हणजे सभ्यपणा त्याचा होता.

का नाही विकला, असं लोक मला विचारतात. देशभक्ती होती का? कोणत्या देशाची? जगाची काळजी होती का? जगाने माझी कधी केली होती? तो घासाघीस करत नव्हता याचा राग तर होताच. पण दुसरंही एक कारण आहे आणि ते फार घरगुती आहे. आम्ही ज्या पाण्यात वरण शिजवतो ते समोरच्या समुद्राचंच पाणी आहे, मीठ काढलेलं. त्या डोंगरात काही फुटलं, किंवा कोणी फोडलं, तर वारा ते आमच्या बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या चादरींवर आणून टाकणार आणि समुद्र ते नळातून पाठवणार. पुण्यातल्या पाहुण्यांना रुमालाने भागलं. आमचं भागलं नसतं.

माझे एक शेजारी आहेत, मराठीच. त्यांना पाटकर म्हणू, कारण ते त्यांचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी करीम त्यांच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला. पाटकरांनी त्याला माल विकला असं मी अजिबात म्हणत नाही. उंटिणींच्या तब्येतीची चौकशी करायला बोलावलं असेल.

आता माझ्या हुशारीकडे येतो. थॉमस म्हणाले, "साहेब, उद्या काही झालं तर आपलं नाव नको. बँकेला आधीच सांगून ठेवू." मला पटलं. एवढं चांगलं काम केलं, ते कोणाला तरी कळायला नको का? मी बँकेला कळवलं, एक संशयास्पद माणूस आला होता, आम्ही माल दिला नाही. बँकेने लगेच आभार मानले आणि त्या दिवसाचे सगळे संदेश पाठवायला सांगितलं. मी सरळ माणूस. सगळे म्हणजे सगळे पाठवले.

काही आठवड्यांनी बोलावणं आलं. बँकेत समोर एक मुलगी बसली होती, अपूर्वा, पुण्याची, माझ्या मुलीच्या वयाची. कोणत्या गिऱ्हाइकापासून बँकेला धोका आहे हे शोधून काढायचं तिचं काम. मला पाहून ती उठून उभी राहिली, "काका, बसा ना." तेव्हाच मी ओळखलं की बातमी वाईट आहे.

"काका, मी एक वाचून दाखवते. रागावू नका."

"मी कशाला रागावतो?" मी ओरडलो.

तिने स्क्रीनवरचं इंग्रजी वाचलं. बँकेचं मुख्यालय परदेशात, तिथलं यंत्र सगळ्या भाषांतलं बोलणं आपोआप इंग्रजीत उतरवून घेतं. त्या यंत्राने माझा निरोप असा लिहून ठेवला होता: टोळी आली आहे, तासाभरात स्फोट घडवतो आणि निघून जातो. त्याखाली वंदनाचं उत्तर: मग येताना गॅसची व्यवस्था करा, आमच्याकडचा साठा संपला आहे.

मी स्क्रीन माझ्याकडे वळवून ते दोनदा वाचलं. ओरडण्याआधी वाचणं माझ्या बाबतीत दुर्मीळ आहे.

"अगं, भाव!" मी म्हणालो. "भाव फोडतो. गुळाच्या सौद्यात म्हणतात तसं. आणि पार्टी म्हणजे गिऱ्हाईक!"

"मला कळलं, काका. ऐकल्या ऐकल्या कळलं. माझे आजोबा सांगलीला हळदीच्या पेठेत होते."

"मग खोडून टाक ना ते."

"खोडता येत नाही. मी दुसरं भाषांतर जोडलंय. आता फायलीत दोन आहेत."

"मग तर बरं."

"बरं नाही काका. आधी एक भाषांतर होतं. आता दोन आहेत, म्हणजे त्यांच्या भाषेत बाब वादग्रस्त झाली." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुम्ही कळवलं नसतं तर कोणी विचारलंही नसतं."

ज्या खात्यात करीमचा एक दिरहमही आला नव्हता ते खातं बँकेने बंद केलं. कारण लिहिलं नाही. धोका, एवढाच शब्द. खातं नसलं की या देशात काय होतं ते नोकरदार वाचकांना सांगायला हवं. गाळ्याच्या भाड्याचे चेक देता येत नाहीत. माणसांचे पगार बँकेतूनच द्यावे लागतात, ते थांबतात. पगार थांबले की व्हिसे अडकतात, परवाना अडकतो. दुकान तसंच उभं असतं, शेल्फवर माल असतो, पण आत जीव नसतो. मी दुसऱ्या बँकांच्या पायऱ्या चढलो. माझं आडनाव अरबीसारखं ऐकू येतं, म्हणून इथले अरब मला आजवर आपला मानायचे, प्रेमाने खजूर द्यायचे. आता त्या आडनावाशी मिळतीजुळती नावं कुठकुठल्या काळ्या याद्यांत निघू लागली. कोल्हापूर जिल्ह्यात आम्ही शेकड्याने आहोत, हे मी पटवून देत होतो. समोरचा विचारायचा, शेकड्याने? आणि ते लिहून घ्यायचा.

पाटकरांना फार वाईट वाटलं. त्यांनी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. "मगदूमशेठ तसे मनाचे चांगले हो. पण बँक उगाच कशाला खातं बंद करेल?" त्या वर्षी मंडळाने पाटकरांना आदर्श उद्योजक म्हणून शाल दिली. मी टाळ्या वाजवल्या. वंदनाने माझा कोपर धरून ठेवला होता, म्हणून नुसत्याच टाळ्या वाजवल्या.

आणि मग त्या डोंगरातल्या कारखान्यांवर खरोखरच बॉम्ब पडले. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. उपग्रहाने काढलेला डोंगर, त्यात काळी भोकं आणि निवेदकाचा लाल बाण. आमच्या डोक्यावरची विमानं थांबली, दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या आणि माझा फोन वाजायला लागला. नाशिकचे साडू, शाळेतला वर्गमित्र, ज्याने मला वर्षानुवर्षं फोन केला नव्हता. सगळ्यांचा एकच विनोद. "काय शेठ, तुमचे व्हॉल्व्ह गेले का?" माझी मुलगी ईशा मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाली, "बाबा, जस्ट डोन्ट पिक अप."

त्या रात्री मला करीम आठवत होता. तो रिकाम्या हाताने गेला, की पाटकरांनी त्याच्या उंटिणींची सोय केली, मला माहीत नाही. भोकं पडलेल्या डोंगरात तो होता, की खरेदीला दुसऱ्या कुठल्या शहरात गेला होता, तेही माहीत नाही. मला त्याचा राग होता, अजून आहे. तरी तो बाहेर असावा, कोणाच्या तरी काउंटरवर कप धरून खोटं बोलत बसलेला असावा, असं वाटत राहिलं. त्याचा नंबर माझ्याकडे होता. लावला असता तर बँकेच्या फायलीत तिसरं भाषांतर झालं असतं.

मला वाटलं, आता तरी बँक म्हणेल, मगदूम, तुम्ही बरोबर होता. बँकेने कळवलं की बदललेल्या परिस्थितीमुळे खातं पुन्हा उघडण्याचा माझा अर्ज अधिक काळजीपूर्वक तपासला जाईल.

दुकान बंद करायचं मी ठरवलं होतं. पाटकर माल घ्यायला तयारच होते. तेव्हा वंदना म्हणाली, "दुकान माझ्या नावावर करा."

"माझ्या पाटीवर बायकोचं नाव?"

"अहो, तुमच्या नावाला रोग लागलाय. माझ्या नावाला काही झालेलं नाही. मी माहेरचंच लावते, शाळेतही तेच आहे."

"मी उभं केलंय ते दुकान! गुळाच्या ढेपांतून आलोय मी!"

"मग पाटकरांना द्या," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

मी आधाराला थॉमसकडे पाहिलं. ते घरी सह्या घ्यायला आले होते. त्यांनी नेहमीसारखी माफी मागितली, पण या वेळी ती वंदनाची मागितली, माझ्या वतीने.

वंदना शाळेतून निवृत्त झाली होती. तिने नवा परवाना काढला, नवी पाटी लावली आणि एका वेगळ्या बँकेत मुलाखतीची वेळ घेतली. मला बरोबर नेलं ते एका अटीवर, तोंड उघडायचं नाही. तिथला अधिकारी एक अरब तरुण होता, फार अदबीचा. त्याने मला काचेच्या केबिनबाहेरच्या खुर्चीत बसवलं. दार अर्धवट उघडं होतं आणि मी सगळं ऐकत होतो.

त्याने पुष्कळ विचारलं. माल कोणता, कुठून येतो, कोणाला जातो. वंदना वर्गात शिकवावं तशी उत्तरं देत होती. मग त्याने जुन्या बँकेकडून आलेली माझी फाइल उघडली असावी, कारण तो एकदम स्क्रीनकडे वाकला. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, या पार्टीचं आणि गॅसचं काय?"

"पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, त्यानंतर बारसं होतं," वंदना म्हणाली. "आणि गॅस शेवटी मीच आणला."

तो हसला की नाही, मला पाठीमागून दिसलं नाही. "तुमचे पती कंपनीचे मालक नसतील, सही करणार नाहीत. मग ते तिथे करणार काय?"

"ओरडायचं."

"मॅडम, मला इथे काहीतरी लिहावं लागेल. हुद्दा लागतो."

वंदनाने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी अटीप्रमाणे तोंड बंद ठेवलं होतं, त्यामुळे माझा चेहरा लाल झाला असावा.

"गिऱ्हाईक येतं," ती म्हणाली. "त्याच्याकडे पैसे असतात. माल शेल्फवर असतो. भाव मिळत असतो. आणि हे नाही म्हणतात. मला ते जमेल की नाही, ठाऊक नाही. पाटी टिकवायची तर ते जमणारं कोणीतरी दुकानात पाहिजे. म्हणून त्यांना ठेवतेय."

तरुणाने मान हलवली, थोडा विचार केला आणि टाइप केलं.

खातं उघडलं. थॉमसचा पगार वेळेवर होतो. मी आता माझ्या बायकोच्या कंपनीच्या व्हिसावर आहे आणि माझं नवं ओळखपत्र आलं आहे. त्यावर हुद्दा लिहिला आहे: विक्री प्रतिनिधी.